निघण्याआधी

आमच्याकडे लांबच्या प्रवासाला निघताना घरातले सगळे आधी मिनिटभर गप्प बसतात, म्हणजे प्रवास सुखाचा होतो. माझा नवरा अर्कादी पहिल्या तुकडीतला अंतराळवीर, पण कायम राखीव. दर वेळी आम्ही दोघं असे बसायचो, तो बैकानूरच्या प्रक्षेपणतळावर जायचा, वर दुसराच कुणी उडायचा आणि हा घरी परत यायचा.

त्या दिवशी तो ऑफिसातून आला तेव्हा मी त्याची सुटकेस भरून ठेवली होती. खाली हॉर्न वाजला.

"आधी बस," मी दटावलं. "मागच्या वेळी तूच घाईघाईनं उठलास, म्हणून राहिलास."

तो निमूट बसला. मी सुटकेसवर बसून मनातल्या मनात त्याला अंतराळात पोचवून आले.

"चल, ऊठ आता. गाडी खोळंबलीये."

"तोन्या, ती सामानाची गाडी आहे," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मला तुकडीतून काढलं. डॉक्टरांना हृदयात काहीतरी दिसलं. संध्याकाळपर्यंत हे सरकारी घर रिकामं करायचंय."

पुन्हा हॉर्न वाजला. उठले होते, ती मी परत सुटकेसवर टेकले.

"मग बस की अजून थोडा वेळ," मी म्हणाले. "आता कसली घाई?"