चौथी गल्ली, तिसरं घर

किल्ली फिरली, दार उघडलं, आणि रेल्वेतला म्हातारा सांधेवाला आत येऊन क्षणभर नुसता उभा राहिला. जिंकला होता गडी. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्यासमोर सगळं धुकं; तरी स्टेशनातून बाहेर, टाकीला वळसा, चौथी गल्ली, उजवीकडचं तिसरं घर. कुणाला एका शब्दाने विचारलं नाही.

पैज लेकीशी होती. ऑपरेशनसाठी तिच्याकडे शहरात पंधरा दिवस काय राहिला, तिने कायमचं राहायचाच धोशा लावला. ते घर विकून टाकू, म्हणाली. तो अडून बसला तेव्हा तिने सांगितलं, "एकट्याने जाऊन दाखवा. बाराच्या आत घरातून फोन आला, तर पुन्हा हा विषय काढणार नाही. नाहीतर मी म्हणेन ते." आज सकाळी तिनेच त्याला गाडीत बसवलं होतं. चाळीस वर्षं सांधे बदलून ज्याने गाड्या आपापल्या रुळावर घातल्या, त्याला स्वतःचं घर सापडू नये?

पिशवी अडकवायला त्याने भिंतीवर हात नेला. खुंटी नव्हती. हात चाचपडत वर सरकला. खुंटी होती, पण वीतभर उंच.

त्याने हात मागे घेतला. त्याच्या घरातही खुंटी आधी एवढ्याच उंचीवर होती. बायको बुटकी, तिचा हात पुरेना, म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी त्याने ती उपटून वीतभर खाली ठोकली होती.

"कोण आहे?" दारातून एका बाईचा आवाज आला. तिच्या हातात बाजाराची पिशवी होती.

"मी... म्हणजे, माझी किल्ली लागली हो," म्हातारा म्हणाला. चोरसुद्धा असं वेड्यासारखं बोलत नाही.

बाईने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि पिशवी खाली ठेवली. "बसा. कुठलं स्टेशन तुमचं?"

"पुढचं असणार. गाडी मध्येच सिग्नलला थांबली असेल, मी तेही स्टेशन म्हणून मोजलं."

"या वर्षातले तुम्ही तिसरे," बाई म्हणाली आणि तिने चहाचं आधण ठेवलं.

यात नवल नव्हतं. त्या माळावर आधी रूळ आले, मग माणसं. इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी लागे, पाणी भरायला माणसं लागत आणि माणसांना घरं. साहेबाने एकदाच नकाशा काढला आणि त्यावरून अकरा गावं छापली. तीच टाकी, त्याच सहा गल्ल्या, त्याच खिडक्या. कुलपंही घाऊक आणलेली. चौथ्या गल्लीतल्या तिसऱ्या घराची किल्ली अकराही गावांत चौथ्या गल्लीतल्या तिसऱ्या घराला लागते. पुढे इंजिनं विजेवर गेली, टाक्या कोरड्या पडल्या, लोकांनी राहती घरं विकत घेतली. कुलपं मात्र कुणी बदलली नाहीत. तेवढी निकड कुणालाच वाटली नाही.

"पुढची गाडी?" म्हाताऱ्याने विचारलं.

"सव्वाबाराला."

बाराला दहा कमी होते. त्याने बाईला पैजेचं सगळं सांगितलं. शहरात तो पंधरा दिवस भिंतींना आपटत फिरला होता; आपलं घर तेवढं त्याला डोळ्यांशिवाय दिसत होतं. ते गेलं की तो खरा आंधळा होणार होता.

"मग करा की फोन," बाई म्हणाली. "घरातूनच करायचा ना? घरातूनच करताय. कुणाच्या, ते कुठे ठरलंय?"

लाल सिग्नलला हिरवा म्हणणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. तरी त्याने फोन लावला.

"पोहोचलो," तो कसाबसा म्हणाला.

"हो, बघितलं," लेक म्हणाली. "पण बाबा, आत्ता पिशवी घेऊन आत गेल्या त्या बाई कोण?"

म्हाताऱ्याने फोन कानापासून लांब धरला आणि पुन्हा कानाला लावला. "तू कुठे आहेस?"

"रागावू नका. मागच्या डब्यात होते. राहवेना. तुम्ही उतरलात तशी मीही उतरले, सगळा वेळ तुमच्या पाठीवरच डोळे. कुठे पडाल, कशाला धडकाल... पण तुम्ही तर तडक घरी! किल्लीसुद्धा एका झटक्यात लावलीत. मी हरले बाबा."

"कुठे उभी आहेस?"

"गल्लीच्या कोपऱ्यावर."

"कुठल्या गल्लीच्या?"

"आपल्या. असं काय करता?"

बाईला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. तोंडाला पदर लावून ती दारापर्यंत गेली आणि हात हलवून तिने लेकीला बोलावलं.

लेक लगबगीने आली, सवयीने उंबऱ्यापाशी चपला काढल्या, आत पाऊल टाकलं. "अय्या, रंग कधी दिलात?" म्हणता म्हणता तिची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली. फोटोत कुणीतरी परके नवरा-नवरी होते. तिने फोटोकडे बघितलं, बाईकडे बघितलं, मग खिडकीतून बाहेर, पाण्याच्या टाकीकडे. चांगली दोन धड डोळ्यांची बाई, चौथ्या गल्लीतल्या तिसऱ्या घरातच लहानाची मोठी झालेली. ती मागे सरून पायाने चपला चाचपू लागली.

म्हातारा उठला. आवाजाच्या अंदाजाने दोन पावलं पुढे आला आणि त्याने लेकीचा हात बरोबर धरला.

"आधी चहा घे," तो म्हणाला. "मग सव्वाबाराच्या गाडीने मी नेतो तुला घरी."