पहिला मान

मोठ्या साहेबांचं म्हणणं सरळ होतं. दुपारी त्यांचं भाषण चालू असेपर्यंत रुग्णालयाच्या नेटवर्कच्या सगळ्या स्विचवर पहिला मान त्यांच्या पडद्यावरच्या चित्राला मिळाला पाहिजे. भाषण ते आपल्या खोलीत बसून करणार होते. सभागृहात कर्मचाऱ्यांना आणि दूरदेशीच्या पाहुण्यांना ते थेट दिसणार होतं. मागच्या खेपेला चित्र अडकलं तेव्हा एक पाहुणा हसला होता. ते हसू साहेबांच्या घशात काट्यासारखं रुतून बसलं होतं. आजच्या भाषणाचा विषय होता, ‘आधी रुग्ण’.

नेटवर्क सांभाळणाऱ्या बाईंना सगळे तारवाल्या बाई म्हणत. त्यांनी शांतपणे समजावून पाहिलं. मजल्यामजल्यांवरचे फोन, तपासण्यांचे फोटो, साहेबांचं भाषण, सगळं एकाच वाटेनं जातं. वाट तुंबली की कुणाला तरी थांबावं लागतं. कुणी थांबायचं, हे स्विचला आधीच सांगून ठेवलेलं असतं. आणि इथे सांगून ठेवलंय, की फोन थांबणार नाही.

साहेबांनी घड्याळाचा पट्टा सारखा केला.

“बाई, हे रुग्णालय माझ्या नावावर चालतं.”

“चालत असेल, साहेब. पण शस्त्रक्रियेच्या खोलीत रक्त तुमच्या नावावर येत नाही. फोनवर येतं.”

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी मान वळवली ती बाईंच्या सहकाऱ्याकडे. माघारी त्याला सगळे होयबा म्हणत, आणि त्याला ते ठाऊकही होतं. साहेबांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याने लॅपटॉप उघडला. साहेबांना सगळ्यांच्या डोक्यावर बसवलं, फोन उचलून बाकीच्या गर्दीत ढकलले आणि झालं म्हणून सांगितलं.

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. साहेबांचा त्यांना फारसा राग आला नाही. साहेबांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. याला सगळं कळत होतं. गोगलगायीला निदान कणा नसतोच, याने तो काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला होता.

भाषण सुरू झालं तेव्हा बाई सभागृहात गेल्या नाहीत. जिना चढत असताना वरून शस्त्रक्रियेच्या खोलीतली नर्स धावत खाली आली. तिला बोलायला दम पुरत नव्हता. बाईंनी विचारलं तसं तिने उतरता उतरताच सांगितलं. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाहीये. फोनवर नुसते तुकडे पोचताहेत. गट ‘ए’ म्हणालो की ‘ओ’, ते रक्तपेढीला कळेना, म्हणून तीच चालली होती.

तारवाल्या बाईंनी कुणाला विचारलं नाही. स्विचच्या खोलीचं दार उघडून त्यांनी फोनला पहिला मान देणारी आपली जुनी मांडणी परत चढवली, मग तिथूनच शस्त्रक्रियेच्या खोलीत फोन लावला आणि पुन्हा बोलून बघा म्हणाल्या. या वेळी रक्तपेढीला शब्द न् शब्द ऐकू गेला. नर्स पहिल्या पिशव्या घेऊन वर पोचली तेव्हा पुढच्या वाटेत होत्या. बाळंतीण वाचली, पण ते कळायला संध्याकाळ झाली.

आपण काय केलं ते साहेबांना स्वतःच सांगावं, म्हणून बाई फोन ठेवून लगेच खाली निघाल्या. साहेबांच्या खोलीची वाट सभागृहावरून जात होती. दार उघडंच होतं.

समोरच्या भिंतभर पडद्यावर साहेब अडकले होते. एक हात वर, डोळे अर्धे मिटलेले, तोंड ‘आ’ वासलेलं. पार मागचा दात दिसत होता. आवाज केव्हाच गेला होता. सभागृहात सगळे ताठ बसून त्या तोंडाकडे बघत होते. हसावं की गप्प राहावं, कुणालाच ठरवता येईना.

पहिल्या रांगेत होयबा बसला होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं. साहेब टाळ्यांसाठी थांबलेत, असं त्याला वाटलं असावं. तो उठून उभा राहिला आणि जोरजोरात टाळ्या वाजवू लागला.

मग रांगेमागून रांग उभी राहत गेली.