वेशीच्या आत

नकाशा बघून ईशानीने कपाळाला हात लावला. "आजोबा, हे चुकलंय!"

घ्या! बत्तीस वर्षं गावच्या शाळेत भूगोल शिकवला शशिकांतरावांनी, आणि दहा वर्षांची नात त्यांची चूक काढते! वर्गात कुणाला तरी कोरोना निघाला म्हणून तिची शाळा आठवडाभर नेदरलँड्समधल्या आल्मेरेच्या घरातूनच चालली होती. इंग्लंडमधल्या एका खेड्याचा भूगोल आणि इतिहास मांडायचा होता. मजकूर तिचा, नकाशा आजोबांचा. आल्मेरे हे त्यांच्याहून वयाने लहान गाव, पण या खेड्याला आठशे वर्षांचं चर्च होतं. नदी, गिरणी, गुरांचं कुरण, सगळं त्यांनी झोकात काढलं होतं.

बारा दिवसांनी बाबांनी हातात पेन्सिल धरलेली बघून ईशानीच्या आईला, मेधाला, बरं वाटलं होतं. बारा दिवसांपूर्वी तिची आई, कुमुदिनीबाई, तिकडे तालुक्याच्या दवाखान्यात कोरोनाने गेली. लेकीकडे दोन महिन्यांसाठी आलेले शशिकांतराव इथेच अडकले, विमानंच बंद. देह गावाने वेशीच्या आत घेतला नाही. नगरपालिकेच्या माणसांनी परस्पर उरकलं. कुठे, ते शशिकांतरावांचा धाकटा भाऊ दामोदर अजून धड सांगत नव्हता.

"काय चुकलं गं?"

"ग्रेव्हयार्ड. तुम्ही गावाच्या बाहेर काढलंय, साउथला, रिव्हरजवळ."

"मग? स्मशान दक्षिणेलाच असतं. वेशीबाहेर."

"नो, आजोबा. यांचं चर्चला लागूनच आहे. एकदम मध्ये."

"भर गावात?" शशिकांतराव थबकले. "साथीत गेलेले सुद्धा?"

ईशानीने लॅपटॉपवर पाहिलं. "हो. प्लेगमध्ये एकोणीस लोक गेले. सगळे तिथेच आहेत. दगडावर नावं पण आहेत."

त्यांनी खोडरबर घेतला आणि दक्षिणेची जागा पुसली. कागद तिथे काळवंडला. मग चर्चच्या कडेला बारीक बारीक फुल्या काढल्या.

"मेधा, दोरा दे जरा."

वळणाच्या रस्त्याचं अंतर दोऱ्याने मोजायचं, हे त्यांनी किती पोरांना शिकवलं असेल, देव जाणे. गिरणीशेजारच्या एका घरापासून त्यांनी दोरा गल्लीगल्लीने फुल्यांपर्यंत नेला, मग पट्टीवर ताणून धरला. ईशानीने प्रमाण बघून हिशोब केला.

"एकशे दहा मीटर."

"बस्स?" त्यांचा आवाज फाटला. "अगं, एवढं तर मी एकट्याने नेलं असतं तिला."

दोरा हातातून सुटला. ईशानीने तो उचलून पुन्हा त्या घरापाशी ठेवला आणि टोक बोटाने घट्ट दाबून धरलं.

"आता न्या, आजोबा."