गोकुळदासचा पीस

गोकुळदासची बोटं आखडली आणि त्याने गिटारच्या तारांवरचा हात उचलला. समोर बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यांत काहीच फरक पडला नाही. माना तशाच डोलत होत्या. पहिल्या रांगेतल्या बाया तशाच टाळ्यांनी ठेका धरून होत्या.

त्याने मागे वळून पाहिलं. त्याच्या अँप्लिफायरचा लाल दिवा बंद होता. ऑर्गनच्या आडोशाला, पडद्याला टेकून, ऑर्केस्ट्रातला दुसरा गिटारवाला शंभू उभा होता. मान खाली, बोटं भराभर चाललेली. गोकुळदासचा पीस, गाण्यातला गिटारचा तो तुकडा, शंभू वाजवत होता.

हरमलच्या गोकुळदासने उमेदीची सारी वर्षं मुंबईच्या स्टुडिओंत घालवली होती. हा पीस त्याचाच. गाण्याचे शब्द विसरलेली माणसंसुद्धा तो गुणगुणायची. कॅसेटवर नाव मात्र गायकाचं, नाहीतर संगीतकाराचं. त्याची त्याला खंत नव्हती. वरातीतला बँड तो पीस वाजवत गेला की तो गालात हसायचा, एवढंच.

मग एकदा रेकॉर्डिंग थांबवून संगीतकार म्हणाले, "गोकुळदास, आज सूर लागत नाहीय." पुढच्या खेपेलाही तेच. डॉक्टरांनी कान तपासले आणि विचारलं, "ड्रमच्या शेजारी बसता का नेहमी?" उजवा कान गेलाच होता. डावाही जाण्याच्या वाटेवर होता.

हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. बायकोला, प्रभावतीलाही नाही. मुंबई सोडून तो गावी आला आणि गायिका ताराबाईंच्या ऑर्केस्ट्रात शिरला. दौऱ्यातल्या गोंगाटात आपलं उणं झाकलं जाईल, असं त्याला वाटलं. ठेका पायाखालच्या फळ्यांतून कळायचा. सूर गिटारच्या लाकडातून बरगड्यांत उतरायचा. शब्द ताराबाईंच्या ओठांवर दिसायचे. सावंतवाडी झाली, बेळगाव झालं, डिचोलीची जत्रा झाली. लोक हात मिळवायला यायचे. आपण सगळ्यांना चकवलं, अशा समजुतीत तो होता.

आज पेडण्यात गोवा राज्य झाल्याचा समारंभ होता, आणि प्रभावती पहिल्याच रांगेत बसली होती.

त्याने बोटं पुन्हा तारांवर ठेवली आणि पीस संपेपर्यंत फिरवली. आता बरगड्यांना जाणवणारा प्रत्येक सूर त्याला खोटा वाटत होता. टाळ्या झाल्या. कुणीतरी त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. शंभूने मान वर केली नाही.

कार्यक्रम आटोपल्यावर प्रभावती मांडवामागे आली. माणसं गाडीत सामान चढवत होती. गोकुळदासने हार काढून खुर्चीवर टाकला.

"प्रभा, मी बहिरा झालोय," तो म्हणाला. आवाज किती मोठा निघाला हे त्याला कळलं नाही. सामान उचलणारी माणसं थबकली. "आज मी वाजवलंच नाही. शंभूने वाजवलं. किती दिवस चाललंय कुणास ठाऊक. सगळे हसत असतील मला. ताराबाईंना सांगून येतो, उद्यापासून बंद. यापेक्षा घरी बसलेलं बरं."

तो निघाला. प्रभावतीने त्याचा दंड धरला आणि त्याला दिव्याखाली आणून उभं केलं. स्वतःचं तोंड उजेडात येईल अशी ती त्याच्यासमोर झाली. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की घरातही ती हल्ली असंच करते. पाठीमागून हाक मारत नाही, समोर येऊन सावकाश बोलते. तिच्या ओठांवरचा एकेक शब्द त्याला नीट दिसला.

"माका म्हायत आसा. दोन वर्सां झाली. मियाच ताराबायचे पाय धरलंय. म्हटलंय, वाजवूक दिव नका, पण तेंका थंय स्टेजार उभे ऱ्हवांदेत. घराक बसले तर मरतले."