तळ्याकडची खोली

पर्यटन परिषदेहून बायको परतली, तेव्हा नवरा गेस्ट हाउसच्या दारातच उभा होता. "काय शिकवलं तिथे?"

"तळ्याकडची खोली एक दिवसही रिकामी ठेवायची नाही म्हणे."

"बघ! मी कधीचा कानीकपाळी ओरडतोय."

तिने पर्स ठेवली आणि कोठीतून सासूबाईंची गादी ओढत त्या खोलीत नेली. खोली मुळात त्यांचीच. गेस्ट हाउस झाल्यापासून त्या कोठीत, पाहुण्यांच्या चादरींच्या गठ्ठ्यांशेजारी झोपायच्या.

"अगं, सीझन तोंडावर आलाय! ही खोली गेली तर खायचं काय?"

"गेली कुठे? भरली. कायमची."

"आई, तू तरी सांग हिला!"

खिडकीचा पडदा सर्रकन बाजूला सारत आई म्हणाली, "नाश्ता आठला पाठव. खोलीतच."