फोटिनीच्या मैत्रिणी

बेटावरची शाळा बंद पडली, कारण शिकायला उरली होती एकटी आठ वर्षांची फोटिनी. तिला घरीच शिकवायचं ठरलं, तेव्हा तिच्या आईने अथेन्सला एव्दोकियाबाईंना फोन लावला. बाई निवृत्त शिक्षिका, मूळच्या त्याच बेटावरच्या. त्यांनी गोष्टींची चार पुस्तकं सुचवली आणि इंटरनेटवर लिहायचं एक पानही उघडून दिलं. म्हणाल्या, "रोज थोडं लिहू दे तिला. मी इथून वाचत जाईन."

फोटिनी भरभरून लिहू लागली. सगळं मैत्रिणींबद्दल! क्लिओ घाबरट आहे, झाम्बेता सारखी भांडते.

"बाई, तुमच्या पुस्तकांनी जादूच केली हो," आई म्हणाली. "आता मैत्रिणीसुद्धा मनानेच रचते."

पण गुरुवारी बाईंनी वाचलं, 'अनेझिना सगळ्यांत लहान, पाच वर्षांची.' त्यांची धाकटी बहीण अनेझिना त्याच वयात, त्याच बेटावर घटसर्पाने गेली, त्याला पासष्ट वर्षं झाली होती. तेव्हापासून घरात ते नाव कुणी काढलं नव्हतं.

त्यांनी लगेच फोन केला. "फोटिनी, बाळा, या मैत्रिणी तुला भेटतात कुठे?"

"चर्चच्या मागे. तिथल्या दगडांवर त्यांची नावं आणि वयं लिहिलीत ना! मी रोज एकेकीला हाक मारते." मग तिचा आवाज एकदम बारीक झाला.



"बाई, पुढच्या महिन्यात मी नऊ वर्षांची होणार. त्या तर वाढतच नाहीत. मग मला खेळायला घेतील का?"