थांबवलेला सिनेमा

पडद्यावर ऑडिटर मॅनेजरच्या केबिनमध्ये चहा पीत होता. गोदामातला माल मोजल्याच्या कागदावर त्याने पेन टेकवलं आणि कर्णिक मॅडमनी सिनेमा तिथेच थांबवला.

"बोला, याचं चुकलं कुठे?"

"मॅडम, तो गोदामात गेलाच नाही!" कॉमर्सचा अख्खा वर्ग ओरडला.

मॅडम खूश झाल्या. पुस्तकातून वर्षभर जे डोक्यात शिरत नव्हतं, ते सिनेमाने एका फटक्यात शिकवलं होतं. तेवढ्यात शिपाई याच वर्गाच्या प्रोजेक्टांचा गठ्ठा घेऊन आला. "मॅडम, आजच पाठवायचेत. तेवढ्या सह्या द्या."

'मी हा प्रकल्प वाचून तपासला आहे' असं छापलेलं पान तो उघडून धरत गेला आणि मॅडम उभ्या उभ्या सह्या करत शिकवत राहिल्या. "लक्षात ठेवा, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करायची नाही."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. मॅडमनी पडद्यावरच्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या.

पहिल्या बाकावरची मुलगी मात्र हसत नव्हती.

"मॅडम, दिवाळीच्या सुट्टीत मी मामाचा स्वेटर घालून कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाण्याच्या पेट्या मोजल्या. तुम्ही वाचाल म्हणून सगळं हाताने लिहिलंय." तिने गठ्ठ्याकडे बघितलं. "माझ्या प्रोजेक्टवर सही झाली का हो?"

झाली होती की नाही, तेही मॅडमना सांगता येईना.